सेलेस्टी घेऊन डेक्कन क्वीन: गाडी सुटली की खर्ज कुठे जातो?

काळी_चार

नमस्कार मंडळी. भावाने जर्मनीहून येताना फोकल कंपनीचा सेलेस्टी हेडफोन आणून दिलाय. घरी लावला आणि दोन रात्री झोपेचं खोबरं झालं. तंबोऱ्याची जवारी (घोडीवरून उठणारी झणझण) सुटी सुटी ऐकू येते, डग्ग्यावर तळव्याची घीस होते ती कातड्यावर घासल्यासकट कळते. मी ऐकते ते बहुतेक ख्याल, त्यातही जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं जास्त.

ऑफिस फोर्टात, राहते पुण्यात. आठवड्यातून दोन-तीनदा डेक्कन क्वीन, म्हणजे त्या दिवशी जाऊन-येऊन सहा तास गाडीत. बंद कपांचा हेडफोन आहे, बाहेरचं काही आत यायचं नाही, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात शिवाजीनगर सुटलं की गायक राहतो, सारंगी राहते, खर्ज (खालचे जाड सूर) गायब. डग्ग्याची नुसती टकटक. आवाज वाढवला की तार सप्तकातली तान कानात टोचते. घाटातल्या बोगद्यांत तर विचारूच नका.

फोनला ॲपलचं ते बोटभर यूएसबी-सी डाँगल (हेडफोनची पिन जोडायचा तुकडा) लावते. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, अँप कमी पडतोय, वेगळा डॅक-अँप घ्या,’ आणि डिजिटल आवाजाचं रूपांतर करून त्याला जोर देणारा वीस हजारांचा डबा पुढे करतो. नवरा म्हणतो, एवढी महागाची वस्तू गाडीत न्यायचीच कशाला. दोघांपैकी कुणाचं ऐकू? चष्मा आहे, त्याने फरक पडतो का तेही सांगा.

जवारीवाला

काळी_चार ताई, या बाबतीत नवऱ्याचं ऐका. दुकानदाराचं तर अजिबात नको.

आधी अँपचं निकालात काढू. सेलेस्टीचा रोध ३५ ओहम, संवेदनशीलता १ मिलिवॅटला १०५ डेसिबल. तुमचं डाँगल साधारण १ व्होल्ट देतं (युरोपात विकतात ते त्याच्या निम्मं, तेव्हा भावाने तेही तिकडूनच आणलं असेल तर बघून घ्या). १ व्होल्ट ३५ ओहमवर म्हणजे २८ मिलिवॅटच्या वर, म्हणजे शिखराला ११९ डेसिबलच्या आसपास. एवढ्याने माणूस बहिरा होईल. युरोपातलं असलं तरी सहाच डेसिबल कमी. काही अँड्रॉइड फोनवर हे डाँगल पूर्ण जोर देत नाही, आवाज मध्येच अडकतो, हा दोष माहितीतला आहे. पण तुमची तान टोचतेय, म्हणजे जोर पोचतोय. सेनहायझरचा एचडी ८२० असता, ३०० ओहमचा, तर अँपची चर्चा तरी करता आली असती.

आता खर्ज. पुरुष गायकाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३९ हर्ट्झला, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. तुमच्या नावातली काळी चार घेतली, बाईचा आवाज, तरी खर्ज १०४ला. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात. आणि रेल्वेच्या डब्याचा गडगडाट, चाकं, बोगी, पत्रा, सगळ्याचा जोर नेमका २०० हर्ट्झच्या खाली.

कपाची भिंत वरचे आवाज छान अडवते. शेजारच्या पासधारकांच्या गप्पा, कटलेटवाल्याची हाळी, रुळांचा किणकिणाट निम्म्याहून कमी होतो. खालचे आवाज मात्र ती अडवू शकत नाही. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे पाव किलोचा कप आणि दोन सेंटीमीटरची गादी काय करणार? त्यामुळे गाडीत तुमच्या कानाशी जो गोंगाट उरतो तो जवळजवळ निव्वळ खर्जाचा असतो, आणि तो रेकॉर्डिंगमधल्या खर्जाला गिळतो. तंबोरा तरीही वाजतोय असं वाटत राहतं, कारण जवारीमुळे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) भरपूर असतात आणि मेंदू त्यांवरून खालचा सूर जुळवून घेतो. तंबोऱ्याचं अंग गेलेलं असतं, नुसती झणझण उरते. डग्ग्याकडे तेवढे वरचे स्वरांश नसतात, म्हणून तो आधी मरतो. तुम्ही ‘टकटक’ लिहिलंत ते अगदी बरोबर.

आवाज वाढवून हे सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८९ला ५ तास, ९२ला अडीच. डब्यात खर्ज वर काढायचा म्हणून तुम्ही सगळंच ९०च्या पुढे नेलंत तर एका फेरीत आठवड्याचा कोटा संपतो. या धाग्यात सगळ्यात गंभीर मुद्दा हा आहे, बाकी सगळी हौस.

चष्म्याने फरक पडतो, चांगलाच. काडी गादीखालून जाते तिथे फट राहते आणि खर्ज तिथूनच निसटतो. घरी शांततेत नुसता तंबोरा लावा. दोन्ही कपांवर तळवे हलके टेकवा, दाबायचं नाही. खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. मग चष्मा काढून तेच करा. काहीच फरक पडला नाही तर गादी नीट बसतेय.

माझं मत: गाडीसाठी नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरच्या आवाजावर उलटी लाट सोडून तो मारणारा हेडफोन घ्या. ते तंत्र चालतंच मुळी हजार हर्ट्झच्या खाली, सततच्या घरघरीवर, म्हणजे तुमचा कप जिथे हरतो तिथे. सोनीचा एक्सएम४ किंवा एक्सएम५ अडीचशे ग्रॅमचा आहे. तुमचा ४३० ग्रॅमचा, घडीही होत नाही. फोकलचाच सूर हवा तर २०२२ साली आलेला बाथीस आहे, ३५० ग्रॅम, यूएसबीची तार लावून त्याच्या आतला डॅकही वापरता येतो. यांपैकी कुणीही सेलेस्टीसारखं गात नाही. शांत खोलीत तुलना केलीत तर रडाल. पण डब्यात यांच्यावर डग्गा ऐकू येईल. सेलेस्टी ऑफिसच्या खणात ठेवा, मुक्कामाला असाल तिथे न्या. ‘प्रवासात वापरायचा हेडफोन’ आणि ‘प्रवासाला बरोबर न्यायचा हेडफोन’ या मी दोन वस्तू मानतो.

चंबूगबाळे

जवारीवाला यांच्याशी आकड्यांवर वाद नाही, निष्कर्षावर आहे.

मी डॅन क्लार्कचा एऑन २ हेडफोन घेऊन हिंडतो. तो घडी होतो, ३२८ ग्रॅम, पाठपिशवीत एका कोपऱ्यात मावतो. तो मात्र १३ ओहमचा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा) आहे, बोटभर डाँगलवर गुदमरतो, तेव्हा माझ्या खिशात बरा डॅक-अँप असतो. नॉइज कॅन्सलिंग लावलं की मला कानात बोळा कोंबल्यासारखं होतं, विमान खाली उतरताना होतं तसं. अर्ध्या तासात डोकं जड. ते सहन होत नसेल त्याने काय करायचं?

मी दोन गोष्टी करतो. एक, इक्वलायझरमध्ये २०० हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबल उचलतो आणि एकूण आवाज तेवढाच राहू देतो. दोन, गाडीत काय ऐकायचं ते ठरवून घेतो. सतार, सरोद, बासरी, नाट्यगीतं, जुनी भावगीतं झकास चालतात. विलंबित एकतालातला मालकंस डब्यात लावायचाच कशाला? तो घरी, दिवे घालवून.

शिवाय डबा कुठला हे कुणी विचारलंच नाही. डेक्कन क्वीनला २०२२ पासून एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे आहेत. एसी चेअर कार आणि उघड्या खिडक्यांची सेकंड सीटिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताई, तुम्ही कशात बसता?

खाडीकाठ

दोघांनी आवाजाचं सांगितलं, मी घामाचं सांगतो. मुंबईत राहतो, त्यामुळे गाद्या सोलवटून कोट काळा होण्याचा अनुभव दांडगा.

एसी डब्यातून उतरून मे महिन्यात सीएसएमटीच्या फलाटावर तोच हेडफोन कानावर ठेवून चाललात तर दहा मिनिटांत गादी ओली. ती तशीच कडक केसात बंद केली की पावसाळ्यात बुरशी ठरलेली. उतरायच्या आधी काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, ऑफिसात गेल्यावर केस उघडी ठेवा. घरी झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, कॅमेरावाले लेन्स ठेवतात तसं. गाद्या बदलून मिळतात, पण या वर्गातल्या हेडफोनच्या गाद्यांच्या किमतीत साधा बरा हेडफोन येतो.

आणि फलाटावर, रस्त्यावर, रिक्षात, कुठेही चालताना कानावर काही नको. बंद कपांत मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा किती उशिरा कळतो ते लोकलच्या रुळांजवळ राहणाऱ्याला विचारा.

अवांतर: केबलला कपडा घासला की खरखर कपात ऐकू येते. शर्टाला क्लिप लावा.

काळी_चार

सगळ्यांचे आभार. डाँगल पुण्यातच घेतलंय, त्यामुळे अँप रद्द. दुकानदाराला कळवलं, त्याने फोन ठेवला.

तळव्यांची चाचणी केली. डाव्या बाजूला खर्ज सरळ दुप्पट झाला. उजवीकडे काही नाही. चष्म्याची डावी काडी मागे जरा बाहेर वाकलीय, तीच असणार.

@चंबूगबाळे, सकाळी एसी चेअर कार, संध्याकाळी मिळेल ते. इक्वलायझर लावून सरोद ऐकला, खरंच बरा वाटला. संध्याकाळी कर्जतला मागून बँकर (घाटात गाडी ढकलणारी) इंजिनं लागली आणि घाट चढायला लागलो की तोही गेला. तेव्हा नॉइज कॅन्सलिंगवाला एक उसना आणून बघणार आहे, बोळा बसतो का ते आधी कळेल. मालकंस सोडणार नाही, तेवढं सांगू नका.

चष्म्यासाठी काय करू? जाड ॲसिटेटची फ्रेम आहे.

जवारीवाला

काडी आधी चष्मेवाल्याकडून सरळ करून घ्या, तो गरम करून दोन मिनिटांत देतो, बहुधा पैसेही घेत नाही. पुढची फ्रेम घ्याल तेव्हा टायटॅनियमची, चपट्या बारीक काडीची घ्या. तोवर काडी कानावर नेहमीच्या जागी न ठेवता गादीच्या वरून जाईल अशी थोडी उचलून बघा. वाचताना त्रास होईल, ऐकताना नाही.

उसना आणाल तेव्हा बोगद्यांच्या पट्ट्यातच तपासा, पुणे ते तळेगाव बघून ठरवू नका. तिथे सगळेच चांगले वाटतात.