मदत हवी आहे: मेटॅलिकाच्या १९८८ च्या अल्बममधला बास ऐकायचा कसा?

२७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमधील बस अपघातात बासवादक क्लिफ बर्टन यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या जागी जेसन न्यूस्टेड मेटॅलिका या हेवी मेटल बँडमध्ये आले आणि त्यांच्यासह केलेला पहिला पूर्ण अल्बम, ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. या अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. मला मात्र न्यूस्टेड यांनी नेमके काय वाजवले आहे ते समजून घ्यायचे आहे, विशेषतः ‘ब्लॅकन्ड’मध्ये, कारण त्या गाण्याच्या रचनेत त्यांचाही वाटा आहे.

बास बहुतेक ठिकाणी गिटारच्याच रिफमागून (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीमागून) जातो, शिवाय गिटार आणि बास ड्रमच्या कोरड्या, टोकदार ठोक्याने खालचा पट्टा व्यापलेला असल्यामुळे इक्वलायझरवर ८० ते २०० हर्ट्झ वाढवले, तरी बासऐवजी गिटारचाच गुरगुराट वाढतो. २०१८ च्या रीमास्टरनेही (जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्याने सुधारलेल्या आवृत्तीनेही) हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यात वाद्यांच्या आवाजाचे मूळ मिश्रणच (मिक्स) कायम ठेवले आहे. त्याउलट १९८७ च्या कव्हर गाण्यांच्या (इतरांच्या गाण्यांच्या) ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, याच वादकाचा बास किती ठळक आहे!

२०१८ च्या डीलक्स संचातील कच्च्या मिश्रणांमध्ये (अंतिम होण्यापूर्वीच्या मिक्समध्ये) बास वेगळा ओळखता येतो का, की १९८९ च्या सिएटलमधील मैफलीच्या ध्वनिमुद्रणावरून स्वरलेखन करणे अधिक विश्वसनीय ठरेल? ज्यांनी हे भाग प्रत्यक्ष बसवले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.