उत्तर: उत्तर: स्मरणिका, डिंगेलचं पान, आज रात्रीच ठरवा

मंडळी, प्रिंटर रात्री ९ नंतर फाइल घेणार नाही. मिशिगनचे माजी खासदार जॉन डिंगेल यांच्यावरच्या लेखात शेवटी त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल येतात, त्या सध्या खासदार आहेत आणि निवडणूक तोंडावर आलीय. ५०१ सी ३ चं (आपल्यासारख्या करमुक्त संस्थांनी निवडणुकीत प्रचार करायचा नाही, त्या नियमाचं) झेंगट नको म्हणून मी तो पॅरा काढतेय. हरकत असेल तर लगेच सांगा.
– स्मरणिका समिती

ताई, माझी हरकत आहे. नियम प्रचार करू नका असा आहे, नाव घेऊ नका असा नाही. १९३२ ला बाप निवडून आला, तो १९५५ ला गेल्यावर पोटनिवडणुकीत मुलगा, आणि २०१५ पासून त्याची बायको, लेखाचा सगळा जीव त्यातच आहे की! मुलाने एकट्याने ५९ वर्षं काढली, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, एवढी कोणीच नाही. बारामती पाहिलेल्यांना काय नवल म्हणा.
– ट्रॉयचे काका

काका, बारामती राहू दे. गाड्यांच्या धुराचे आणि मायलेजचे नियम डिंगेलने किती वर्षं अडवून धरले ते लेखात एका ओळीत उरकलंय. म्हणून तर २००८ ला त्याच्याच पक्षाने एनर्जी अँड कॉमर्स या संसदीय समितीचं अध्यक्षपद काढून कॅलिफोर्नियाच्या खासदार वॅक्समनला दिलं, १३७ विरुद्ध १२२ मतांनी. २००२ ला मतदारसंघ जोडले आणि प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, तो आमच्या खासदार लिन रिव्हर्ससमोर आला, तेव्हा नागरिकत्व नसतानाही आम्ही तिच्यासाठी दारोदार फिरलोय.
– ॲन आर्बरहून वहिनी

वहिनी, त्या धुराच्या पगारावरच आपली घरं झाली, माझं तरी झालं. आणि १९७३ चा दुर्मिळ प्राणी वाचवायचा कायदा हाऊसमध्ये (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) कोणी मांडला? यानेच. डेट्रॉइट नदीचं अभयारण्य २००१ ला झालं तेही याच्याच खटपटीने. हंबग मार्शला सहलीत पक्षी बघून सगळ्यात जास्त ओरडत कोण होतं?
– ट्रॉयचे काका

प्रसादाच्या मोदकांचा आकडा मला अजून कोणी दिलेला नाही.
– स्वयंपाक समिती

लेख शाळेच्या मुलांचा आहे, मोठ्यांनी त्यात आपली भांडणं घालू नयेत ही विनंती. काही झालं तरी सभागृहाच्या अध्यक्षाच्या हातोड्याचा भाग कापू नका, मुलांनी त्याचं चित्रही काढलंय. बापाने १९४३ ला सर्वांसाठी आरोग्यविम्याचं बिल आणलं, ते काही पास झालं नाही, मुलगा मग दर नव्या काँग्रेसमध्ये ते परत मांडत राहिला. १९६५ ला हाऊसने मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) पास केलं तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर तोच होता आणि तेव्हाचा हातोडा त्याने २०१० ला ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्याच्या वेळी तेव्हाच्या सभापती पेलोसींना वापरायला दिला.
– मराठी शाळा

हातोडा राहतोय. डेबींचं एकच वाक्य ठेवते, "२०१५ पासून ही जागा त्यांच्या पत्नीकडे आहे", फोटो नाही. वहिनी, २००८ ची ओळ घातलीय, पण संपादन समितीकडे आहे हे पुढच्या वर्षी लक्षात असू द्या. त्या ओळीपायी खालची जाहिरात अर्धा इंच कापली गेलीय, खजिनदारांनी त्यांना फोन करून सांगावं.
– स्मरणिका समिती

मी का? जाहिरात काकांनी आणलीय.
– खजिनदार