ग्रामपंचायत मेंबरांचा अभ्यास दौरा: १२ हजारांत कुठे जावं?

जतचा_मेंबर: पहिल्यांदाच निवडून आलोय. सात मेंबर, एक जीप, दोन दिवस, पदरचे १२ हजार. गावाच्या हातात खरंच किती कारभार असतो ते बघायचंय. गाव सुचवा.

घाटवाटा: हिवरे बाजार, डोळे झाकून. शेतीसाठी बोअर मारायला बंदी, उसाला बंदी. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. मी दोनदा जाऊन आलोय.

झाडीपट्टी: मेंढा (लेखा) पाहा ना जी, धानोरा तालुका. २००९ ला जंगलाचा सामूहिक हक्क भेटला, तरी बांबूचे वाहतूक पास वनखात्याकडेच. २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा त्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. निर्णय सर्वसहमतीनं. चार दिवस काढून या.

जतचा_मेंबर: गडचिरोली? डिझेलातच बारा हजार जातील की.

झाडीपट्टी: मंग रेल्वेनं या.

निवृत्त_विस्तार_अधिकारी: मेंढा पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आहे, जत नाही. तिथला कित्ता तुम्हाला जसाच्या तसा गिरवता येणार नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले, पण ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. वित्त आयोगाचा निधी थेट येतो म्हणून हुरळू नका. पंधराव्या आयोगात ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता.

चहाटळ: उरलेल्या ४० टक्क्यांत आमच्याकडे पेव्हर ब्लॉकच बसले. दोनदा.

कोपरगावकर: हिवरे बाजार +१.

घाटवाटा: तेच म्हणतोय मी सकाळपासून!

सरपंचाची_सून: आमचे लोक दौऱ्यावर गेले, फेटे बांधून फोटो काढले, जेवले, आले. पुढची ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, मग नऊ जणांनी सगळे ठराव उरकले. तुमच्या सभेला किती येतात हो?

जतचा_मेंबर: मागच्या वेळी २२. लागतात १००, किंवा मतदारांच्या १५ टक्के, यात जे कमी असेल ते.

घाटवाटा: म्हणूनच आधी हिवरे बाजार बघा.

जतचा_मेंबर: ठरलं. कुठंच जात नाही. रिक्षाला भोंगा लावून तीन दिवस दवंडी, आदल्या दिवशी महिला सभा, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सगळ्यांना चहा-भजी. जमाखर्च फळ्यावर लिहून वाचणार. ग्रामसेवक आत्ताच तोंड वाकडं करतोय.

झाडीपट्टी: बांबू पाहायचा राहिला तुमचा.