प्रोजेक्टमुळे मुलांचा कॉन्फिडन्स वाढला हे मोजायचं कसं?

सत्तरीची टीचर:
नमस्कार, वाळपईजवळच्या एका शाळेत सातवीला शिकवते. दिवाळीआधी मुलांकडून छोटा नरकासुराचा पुतळा करून घेणार आहे, पुठ्ठा, कागदाचा लगदा, रंग, आणि हात हलवायला पाणी भरलेल्या सिरिंज नि सलाईनची नळी, एक दाबली की दुसरी वर येते. आता वरून सांगितलंय की यातून आत्मविश्वास आणि सर्जनशीलता किती वाढली ते आकड्यात दाखवा. "तुला आत्मविश्वास वाटतो का" विचारलं तर सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणणार. कोणी असं मोजलंय का?

फोंडेकार:
टीचर, तो प्रश्न काढूनच टाका. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांचं म्हणणं, नेमक्या कामाबद्दल विचारा. "नळीत हवा अडकली तर मी स्वतः काढू शकेन", "माझं डिझाईन वर्गापुढे समजावू शकेन", आणि पुढे 0 ते 10 मधला आकडा. पेपर दुसऱ्या कोणी गोळा केले तर आणखी बरं. आणि नंतरचे आकडे खाली आले तर घाबरू नका हां, सुरवातीला काम किती कठीण ते ठाऊकच नसतं म्हणून पोरं सरसकट 9 नि 10 लिहितात. म्हणून शेवटी हेही विचारायचं, सुरवातीला तुला हे खरंच किती जमलं असतं असं आता वाटतं?

डिचोलीचा चित्रकला मास्तर:
सर्जनशीलतेसाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्डची जुनी चाचणी आहे, करवंटीचे जमतील तितके उपयोग लिहा म्हणायचं. नुसती संख्या नको, प्रकार किती वेगवेगळे आणि बाकी कोणालाच न सुचलेलं काय तेही बघा. पण मला विचाराल तर त्याहून सर्जनशीलतेच्या संशोधक अमाबिले यांची 1982 ची पद्धत बरी, जाणकारांनी आपसात न बोलता कामं एकमेकांशी ताडून मार्क द्यायचे. प्रोजेक्टआधी आणि नंतर मुलांकडून मखराचं डिझाईन काढून घ्या, सगळी चित्रं मिसळा, नावं झाका, आणि चित्रशाळेतले एक-दोन मूर्तिकार, शिगम्याचे चित्ररथ करणारा एखादा, यांच्यापुढे ठेवा. ही माणसं हाताचं काम ओळखतात.

साखळीची बाय:
पोरं तशीही मोठी होतच असतात, म्हणून दुसऱ्या तुकडीलाही तेच प्रश्न द्या, त्यांना प्रोजेक्ट नंतर द्या, पण द्याच. आणखी एक, मी बघितलेलं सांगते. एक मुलगी नळीचं टोक पाण्यात बुडवून सिरिंज हळूहळू मागेपुढे करत बुडबुडा बाहेर काढत होती, अगदी निघणारच होता, तेवढ्यात एका मुलाने ती हातातून घेतली आणि ती गुपचूप रंगवायला गेली. वर्गाची सरासरी चांगली आली तरी हे त्यात कुठे दिसणार? मुलामुलींचे आकडे वेगळे काढा, आणि थोड्या थोड्या वेळाने पकड-कटर कोणाच्या हातात आहे तेवढं वहीत टिपत जा.

सत्तरीची टीचर:
बाय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडेही असंच होतं. देव बरें करूं सगळ्यांना. तुकडी एकच आहे, त्यामुळे शेजारच्या शाळेतल्या सातवीसाठी विचारून बघते. प्रश्न तयार झाले की इथे टाकते, मुलांना कळतील असे आहेत का सांगा.