जोडीची सरासरी ७० किलो म्हणजे नेमके काय?

नदीकाठ: हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २४ सप्टेंबर २०२३ रोजी अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी हलक्या वजनगटाच्या दुहेरी नौकानयनात रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून एक शंका मनात आहे. जोडीतला एक जण ७१ किलोंचा भरला, तर ती जोडी बाद होते का?

जुना वल्हेकरी: होत नाही. पुरुषांमध्ये एकट्याची कमाल मर्यादा ७२.५ किलो आहे, मात्र जोडीची सरासरी ७० च्या वर जाता कामा नये. म्हणजे एक ७१ चा असेल, तर दुसऱ्याला ६९ वर राहावे लागते. वजन शर्यतीच्या एक ते दोन तास आधीच होत असल्यामुळे, आदल्या दिवशी घाम गाळून वजन उतरवायचे आणि रात्री भरपेट जेवून ताकद भरून काढायची, ही कुस्तीतली जुनी युक्ती येथे चालत नाही. काट्यावरून उतरलेला खेळाडू केळे आणि पाण्याची बाटली हातात घेऊनच नावेकडे निघतो.

नदीकाठ: आभारी आहे. ऑलिंपिकमध्ये हा गट पुढेही राहील ना?

सातवी लेन: नाही. १९९६ मध्ये अटलांटात आलेला हा गट पॅरिसमध्ये २०२४ साली संपला. शेवटचे सुवर्ण, टोकियोप्रमाणेच, आयर्लंडच्या मॅकार्थी-ओ'डोनोव्हन जोडीचे. लॉस एंजेलिसला त्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यती असतील. शिडशिडीत बांध्याच्या आशियाई खेळाडूंचे यात नुकसानच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.