जिप्सीला मागचा एअर लॉकर (हवेच्या दाबाने मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा पार्ट) बसवायचाय, गॅरेजवाला नुसता तारखा देतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी १३०० सीसी जिप्सी आहे, गावाकडं वेल्ह्याला शेतावर जायला वापरतो. पावसाळ्यात चिखलात एक मागचं चाक आणि तिरक्या बाजूचं पुढचं चाक हलकं झालं की तीच दोन चाकं जागेवर फिरत बसतात, फोर बाय फोर टाकून पण गाडी हलत नाही. दोन्ही डिफरन्शियल (एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) ओपन आहेत ना, म्हणजे हलकं चाक नुसतं मोकळं फिरतं. आधी ट्रॅक्शन कंट्रोलची चौकशी केली होती, पण ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम करतं आणि जिप्सीला एबीएसच नाही, म्हणजे सेन्सर, पंप सगळंच नव्याने घालायचं. म्हणून लॉकर बरा असं ठरलं.

पार्ट येऊन पडलाय, पैसे दिलेत. आता पुण्यातला गॅरेजवाला कधी शिम (गिअरची फट जुळवायच्या पातळ चकत्या) आले नाहीत म्हणतो, कधी कॉम्प्रेसरचं वायरिंगवाला पोरगा गावी गेलाय म्हणतो, आणि मागचा एक्सल खोलून ठेवलाय त्यामुळे गाडी चालवत दुसरीकडं नेता पण येत नाही! तिथं डायल गेज (बारीक फट मोजायचं साधन) कुठं दिसला नाही, क्राऊन पिनियनचा बॅकलॅश (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरच्या दातांमधली फट) अंदाजाने लावला तर महिनाभरात घरघर सुरू होईल याची मला खरंच काळजी वाटते.

पुणे-सातारा भागात जिप्सीचा लॉकर स्वतः बसवलेला कोणी मिस्त्री माहितीय का? खोललेल्या एक्सलसकट गाडी टो करून आणली तर घेईल का तो? आणि सगळा माल हातात असताना हे काम साधारण किती दिवसांचं असतं, ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, भातलावणीच्या आत गाडी हवीय.