मदत हवी आहे : पूर आणि धरणांच्या स्थानिक बातम्या कशा पारखाव्यात?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. पावसाळ्यात वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर पंचगंगेची पातळी, राधानगरी धरणाचा विसर्ग (धरणातून सोडले जाणारे पाणी) आणि बंद झालेले रस्ते लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. हा फळा वाचून लोक जनावरे कधी हलवायची ते ठरवतात, त्यामुळे कोणती बातमी फळ्यावर घ्यावी आणि कोणती घेऊ नये याचे काही निकष हाताशी असावेत, असे फार वाटते. वृत्तपत्रांत किंवा पाटबंधारे खात्यात काम केलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुख्य अडचण सांगतो. पुराच्या दिवसांत एकच बातमी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांत, पोर्टलांवर आणि फेसबुकच्या पानांवर एकदमच दिसते आणि गावात लगेच बोलले जाते की, सगळीकडे आले आहे, म्हणजे खरेच असणार. मात्र हे मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर बहुतेकांचे मूळ जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या प्रसिद्धिपत्रकात सापडते. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावे त्याच क्रमाने येतात, आणि पत्रकात एखाद्या गावाचे नाव चुकले असेल तर ते सगळीकडे तसेच चुकलेले असते. बातमीच्या डोक्यावर मात्र कोणी ‘प्रतिनिधी’ लिहितो, कोणी ‘वृत्तसेवा’. अशा वेळी पाच बातम्या मोजायच्या की एक?

आकड्यांच्या बाबतीत थोडीफार पडताळणी घरबसल्या करता येते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. मथळ्यात ‘पंचगंगेने धोका पातळी ओलांडली’ आणि आत ‘३९ फूट ६ इंच’ असे असेल, तर मथळा आणि मजकूर यांपैकी एक नक्की चुकला आहे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी पडते आणि वीजगृहातून साधारण १५०० क्युसेक सोडले जाते. म्हणजे चार दरवाजे उघडले असतील तर विसर्ग ७२१२ क्युसेकच्या आसपास हवा. चार दरवाजे आणि साडेअकरा हजार क्युसेक असे एकाच बातमीत आले, तर सातही दरवाजे उघडले होते तेव्हाच्या बातमीतला आकडा इथे चिकटला असावा, असा माझा अंदाज असतो. (हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, तरीही ‘प्रशासनाने रात्री गुपचूप पाणी सोडले’ अशी बातमी हमखास येते.) पातळी कुठली आणि किती वाजताची, हे न सांगणारी बातमी मी हल्ली फळ्यावर घेत नाही.

कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या बातम्यांत मात्र माझी मती गुंग होते. आवक, विसर्ग आणि पाणीसाठा हे तीन वेगळे आकडे असताना बातमीत कधी एकच दिलेला असतो, आणि त्याच्याभोवती दोन्ही राज्यांच्या नेत्यांची वक्तव्ये असतात. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मधील अहवालात त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नव्हते. तो निष्कर्ष सर्वांना मान्य झाला असे नाही, परंतु ‘अलमट्टीमुळे पूर’ असे ठामपणे लिहिणाऱ्याने त्या अहवालाचा साधा उल्लेखही करू नये, याला काय म्हणावे?

शेवटचा प्रश्न निनावी सूत्रांचा. आमच्या भागातील एका वार्ताहराने ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ असे लिहून एका रस्त्यावर पाणी आल्याची बातमी दिली. त्या वेळी पत्रकात तो रस्ता नव्हता, पण बातमी खरी निघाली. म्हणजे सूत्रांचे नाव नाही म्हणून बातमी टाकून द्यावी, हा नियमही पुरेसा नाही. मग नक्की काय पाहावे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर (बातम्यांचे संपादन होते तिथे) काही वर्षे काढली आहेत, म्हणून लिहितो.

पाच बातम्यांचे मूळ एक असेल तर ती एकच मोजा. पत्रकावरून बातमी करण्यात गैर काही नाही. पातळीसाठी तेच अधिकृत मूळ आहे. ‘आपत्ती व्यवस्थापन कक्षाने दिलेल्या माहितीनुसार’ हे पाच शब्द गाळून ती स्वतः मिळवल्यासारखी छापणे हे गैर. मथळ्याबद्दल वार्ताहराला दोष देऊ नका, मथळा बहुधा डेस्कवर दिला जातो आणि रात्री जागेच्या हिशेबाने छाटला जातो. मजकूर आणि मथळा जुळत नसतील तर मजकूर धरावा.

सूत्रांबाबत एवढेच पाहा की, नाव लपवण्याचे कारण होते का. धरणाचा विसर्ग रोज जाहीर होतो, त्याला ‘सूत्र’ कशाला हवे? बंधाऱ्याच्या कामातील गैरव्यवहार सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव झाकणे समजू शकते. तुमच्या रस्त्याच्या बातमीत वार्ताहराने ‘सकाळी सात वाजता ओढ्यावरील फरशीवर गुडघाभर पाणी पाहिले’ असे लिहिले असते, तर सूत्रांची गरजच नव्हती. त्याने स्वतः पाहिले असेल, पण सवयीने ‘सूत्रांनी’ लिहिले, असे पुष्कळदा घडते. त्याला फोन करून विचारा. तालुक्याचे वार्ताहर सहसा सांगतात.

आणखी एक खूण म्हणजे दुरुस्ती. चुकलेला आकडा दुसऱ्या दिवशी खुलासा देऊन सुधारणाऱ्या पत्राला माझ्या लेखी जास्त गुण. पोर्टलवर मजकूर गुपचूप बदलता येतो, म्हणून फळ्यावर घेण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढून ठेवा. छापील अंकात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते. ज्या पोर्टलवर संपादकाचे नाव आणि पत्ताच नाही, त्याला चूक कळवणार तरी कुठे? दैनिकाने दाद दिली नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते, मात्र आधी संपादकाला लेखी कळवावे लागते. परिषद ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही आणि वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक शंका उरते : पत्रकात रस्ता सुरू आहे आणि पोलीस पाटील म्हणतात की पाणी आले आहे, तर फळ्यावर काय लिहावे?

प्रतिसाद

दोन्ही लिहा, प्रत्येकापुढे वेळ आणि कोणी सांगितले ते लिहा. पत्रक सकाळी आठचे आणि पाटील साडेदहाचे बोलत असतील, तर दोघेही खरे असू शकतात. जनावरांचा निर्णय मात्र साडेदहाच्या माहितीवर घ्यावा.